झोळीचा अर्धा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. खरं सांगायचं तर अर्धाच उरलोय, आणि तोही काचेखाली. चहूबाजूंनी सोनेरी पट्ट्या, मागे पुठ्ठा, चार कोपऱ्यांत चार स्क्रू, आणि मधे मी, टाचण्या टोचून आडवा केलेला. समोरच बहीण-भाऊ माझ्यावरून भांडताहेत. भावाला मला भिंतीवर टांगायचंय आणि बहिणीला मला उसवायचंय. मला कुणी विचारत नाहीये. पट्ट्याला कोण विचारतो म्हणा! म्हणून तुम्हाला हाक मारतोय. घाईत असलात तरी ऐका, कारण आज माझ्याइतकी घाई या घरात कुणालाच नाही.

पट्टा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं ते मला ठाऊक आहे. कुत्र्याचा पट्टा! नाहीतर गळ्यात ओळखपत्र लटकवायची ती छापील निळी नाडी, जी घालून मारतहळ्ळीची माणसं ऑफिसात जातात, इडली खातात आणि बसमध्ये पेंगतात. तसला मी नव्हे हो. मी हातानं विणलेला, चार बोटं रुंद, लाल-पिवळ्या सुताचा, काळ्या काठांचा, दोन्ही टोकांना गोंडे असलेला. भवानीच्या झोळीचा पट्टा. नवरात्रात ती झोळी खांद्याला अडकवून घरोघर जोगवा मागायला जायचं आणि तिचा सगळा भार मी वाहायचा. माझ्या तरुणपणी बायका आधी मला डोळ्यांना लावायच्या आणि मग झोळीत तांदूळ घालायच्या. उगाच फुशारकी मारत नाही, गल्लीत कुणालाही विचारा.

गल्ली म्हणजे चिकपेटच्या मागची. तोंडाशी साड्यांची घाऊक दुकानं, मधे कुलपं-बिजागऱ्यांची, आणि एका जिन्याच्या वर आमचं घर. हे घर पटवेकऱ्यांचं. यांचे मूळ पुरुष कितीतरी पिढ्यांमागे मराठी घोडदळाबरोबर या कानडी मुलुखात आले, ते घोड्यांचे तंग आणि तलवारींचे पट्टे विणायला. घोडे गेले, तलवारी गेल्या, घोडदळही गेलं. पटवेकरी मात्र इथंच राहिले आणि संबळाचे पट्टे, पोथ्यांच्या पिशव्यांचे पट्टे, नवरदेवाच्या घोड्याचा साज असं काय काय विणत राहिले. घरात बोलतात मराठीच, पण त्यात कानडी असं मुरलंय, की पुण्याचा पाहुणा आला की आधी हसतो आणि मग हळूच विचारतो, "सरी म्हणजे काय हो?" सरी म्हणजे बरं, ठीक.

मला विणलं वसुमती अक्कानं. सगळी गल्ली तिला अक्काच म्हणायची. ती खिडकीच्या गजाला उभ्या धाग्यांचं एक टोक बांधायची आणि दुसरं स्वतःच्या कमरेला. मधे म्हशीच्या चामड्याची चौकोनी पानं, पत्त्यांच्या जोडासारखी उभी धरलेली. प्रत्येक पानाच्या चारी कोपऱ्यांत एकेक भोक आणि प्रत्येक भोकात एक धागा. पानं पुढे फिरवली की धागे एका बाजूला पीळ घेतात, मागे फिरवली की दुसऱ्या. फिरवायचं, आडवा धागा घालायचा, लाकडी पट्टीनं ठोकायचं आणि पुन्हा फिरवायचं. कुठली पानं पुढे आणि कुठली मागे, त्या क्रमाला या घरात 'चाल' म्हणतात. वर दिसते ती नक्षी, चाल असते आत, पिळात. हे एवढं लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

साध्या पट्ट्यांच्या चाली अक्का कुणालाही शिकवायची. शेजारपाजारच्या कितीतरी पोरी तिच्याकडे शिकून गेल्या. पण झोळीच्या पट्ट्याची गोष्ट वेगळी. त्याच्यावर सगळीकडे लहरी असतात आणि बरोबर मधे, खांद्यावर येईल असा, एक डोळा असतो. देवीचा डोळा. त्याची चाल फक्त सासूनं सुनेला द्यायची, हा घराचा रिवाज. लेकीला द्यायची नाही, कारण लेक उद्या लग्न होऊन जाणार आणि चाल दुसऱ्या घरी नेणार. अक्काला ती तिच्या सासूनं दिली होती, सासूला तिच्या सासूनं. तोंडानं सांगायची नाही, कुठं लिहायची नाही, समोर बसवून हातानं द्यायची. आणि झोळीचा पट्टा एका वेळी एकच असायचा. नवा विणून झाला की जुना पाण्यात सोडायचा. म्हणजे हा डोळा साऱ्या जगात एकट्या माझ्या अंगावर होता. आहे माझा रुबाब की नाही?

अक्काला मुलं दोन. थोरला रघुनंदन, धाकटी आश्लेषा. पोराचा जीव पुस्तकात आणि पोरीचा जीव पानांत. आश्लेषा चालायला लागली तशी आईजवळ येऊन बसायची. सूत गुंडाळून दे, गोंडे कापून दे, तुटलेला धागा सांध, सगळं ती करायची. माझे गोंडे तिनंच कापलेत, एक लांब एक आखूड. पण मला विणताना डोळ्याची जागा आली की अक्का हात थांबवायची आणि म्हणायची, "आशू, जा गं, दूध उतू जातंय का बघ."

चुलीवर दूध नसायचंच. पहिल्यांदा पोर धावत गेली आणि परत येऊन म्हणाली, "आई, दूध नाहीचे." मग तिला कळलं. त्यानंतर अक्कानं दूध म्हटलं की ती मुकाट्यानं उठायची आणि स्वयंपाकघरात रिकाम्या ओट्यासमोर उभी राहायची. मी अर्धवट विणलेला होतो तेव्हा, पण मला काळीज असतं तर त्याचं पाणी झालं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, ते या घरानं रिवाज म्हणून पाळलं!

माझी कामाची वर्षं चांगली गेली. आधी झोळी गल्लीतूनच फिरायची. मग आपली माणसं पांगली. कुणी येलहंक्याला घर बांधलं, कुणी मारतहळ्ळीला फ्लॅट घेतला. झोळी रिक्षानं जायला लागली, मग मेट्रोनं. मेट्रोत मला त्या सरकत्या पट्ट्यावर ठेवून यंत्रातून काढायचे. पट्ट्यावर पट्टा! मोठ्या सोसायट्यांच्या फाटकावर पहारेकरी विचारायचा, "डिलिव्हरी?" अक्का ठसक्यात म्हणायची, "होय, देवीची." एकदा रिक्षाच्या दारात अडकून मी डोळ्याखाली फाटलो, तेव्हा अक्कानं खणाचं ठिगळ लावलं. खांद्यावर घाम आणि घासणं सोसून मी विरत चाललो होतो. नवा पट्टा विणायची वेळ केव्हाच झाली होती. पण अक्काला तो सुनेला समोर बसवूनच विणायचा होता.

सून आली. वेदिका, पुण्याची, रघूच्याच ऑफिसातली. गुणाची पोर, खोटं का बोलू? सासूला प्रेमानं मिठी मारायची, कौतुकानं माझे फोटो काढायची. म्हणायची, "आई, मला शिकायचंच आहे. या दिवाळीत ऑफिसात रिलीज आहे ना, पुढच्या दिवाळीला सुट्टी टाकूनच येते." पुढच्या दिवाळीला दुसरं काहीतरी असायचं. तिचंही खरंच होतं, नोकरी काही चामड्याच्या पानांवर चालत नाही. अक्का म्हणायची, "सरी, सरी. स्वल्प उशिरानं का होईना, येईल."

मधल्या काळात आश्लेषाचं लग्न झालं. येलहंक्याला दिली, तिथंच शाळेत शिकवते. दर रविवारी आईकडे यायची आणि पानांजवळ बसायची. एका रविवारी तिनं सरळ विचारलं.

"आई, वहिनीला वेळ नाही. मला दे ना चाल."

"अय्यो, असं कसं? तुला दिली तर ती तुझ्या सासरची होईल गं."

"अगं, माझ्या सासरी कुणाला चहाची गाळणी धड धरता येत नाही. कुणाची व्हायचीय ती?"

अक्का हसली. आश्लेषा हसली नाही. अक्कानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "थांब गं थोडं. मी कुठं पळून चाललेय?"

यंदा गणपतीच्या तोंडावर अक्का मोदकाची उकड काढता काढता पडली. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. दवाखान्यातून डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. आश्लेषा शाळेतून रजा घेऊन आईपाशी राहिली. मी कोपऱ्यात खुंटीवर झोळीसकट लटकून बघत होतो. अक्काच्या तोंडून नुसतं "आ... आ..." यायचं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि डावा हात! तो चादरीची कड धरून सारखा फिरायचा. शेजारच्या बायका बघायला यायच्या आणि जिन्यात जाऊन म्हणायच्या, "जीव अडकलाय हो अक्कांचा कशात तरी."

कशात अडकलाय ते मला दिसत होतं. खुंटीवरून ओरडत होतो मी, पण मेल्या सुताला आवाज कुठून येणार?

मग एका दुपारी आईला पेज भरवता भरवता आश्लेषाचा चमचा थांबला. ती त्या फिरणाऱ्या हाताकडे बघत राहिली. पुढे, पुढे, मागे. पुढे, मागे.

"आई," ती म्हणाली, "डोळा का गं?"

अक्काच्या तोंडून असा काही आवाज निघाला की खालच्या दुकानातला माणूस वर बघायला लागला.

त्यानंतर काय सांगू तुम्हाला? आश्लेषानं पानं काढली, धागे ओवले, खिडकीच्या गजाला बांधले आणि आईच्या खाटेशेजारी बसली. "हे पुढे का? पुढे असेल तर डोळे मिट." अक्का डोळे मिटायची. पण ती थकूनही डोळे मिटायची, रडूनही मिटायची. "मागे का मग?" पुन्हा मिटलेलेच. नुसत्या डाव्या हाताच्या हालचालीवरून कुठली पानं हे कळेना. विणून बघितलं तर डोळ्याच्या जागी नुसता गुंता. कापून टाकलं, पुन्हा लावलं. पुन्हा गुंता. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. ती पानं मांडीवर ठेवून हमसून हमसून रडली आणि म्हणाली, "एवढी वर्षं इथंच बसले होते गं मी. इथंच."

आणि मग तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

मित्रांनो, पुढचं नीट ऐका. ती उठली, मला खुंटीवरून काढलं, झोळीपासून सोडवलं आणि माझं सुरुवातीचं टोक शोधायला लागली. मला कळलं. मी उसवलो तर एकेक आडवा धागा निघताना उभ्या धाग्यांचा पीळ दिसणार, डावा की उजवा, आणि पिळावरून चाल कळणार. दुसरा उपाय नव्हता. पण मला काय वाटलं असेल? माझ्यासारखा दुसरा नव्हता. पाण्यात सोडतात तो मानाचा शेवट असतो, हा कसला शेवट? मी मनातल्या मनात तिला नाही नाही ते बोललो. कृतघ्न कार्टी, म्हणालो. ज्याला डोळ्यांना लावायचं त्याला उसवतेस?

तिनं मला देव्हाऱ्यासमोर धरलं, नमस्कार केला आणि पहिला धागा ओढला.

भराभर लहरी सुटल्या. तिची नजर तयार होती, हात तयार होता. पीळ बघायची, पानं फिरवायची आणि शेजारच्या नव्या पट्ट्यावर तसंच विणायची. लहर जशीच्या तशी उतरत होती. मी कमी होत होतो आणि तो वाढत होता. नंतर डोळ्याची वरची पापणी आली आणि तिथंच घात झाला. घामानं आणि घासण्यानं माझे तिथले धागे पार कुजले होते. हात लावला की तुकडे. पीळ कसला दिसतोय! आश्लेषानं एक धागा उचलला, तो चुरा होऊन मांडीवर पडला. दुसरा, तोही तसाच.

"नको ना रे असं करूस," ती मला म्हणाली. होय, मलाच. "नको ना."

नेमके तेव्हाच रघू आणि वेदिका जिना चढून आले. रिंग रोडला अडकून दोघंही वैतागलेली. रघूनं खाट बघितली, पानं बघितली, आणि जमिनीवरचा माझ्या धाग्यांचा ढीग बघितला.

"काय केलंस हे, आशू? देवीचा पट्टा आहे तो! आईची एकुलती एक वस्तू आणि तू ती उसवतेस? तेही आई बघत असताना?"

"चाल काढतेय रे."

"फोटो आहेत की वेदिकाकडे! त्यावरून कुणीही करून देईल."

वेदिका हळूच म्हणाली, "नाही जमत रे. मी दोन ठिकाणी विचारलंय. फोटोत नक्षी येते, बाकी काही येत नाही." मग ती माझ्या ढिगाशेजारी खाली बसली आणि रडायला लागली. "मी एक दिवाळी आले असते ना, ताई, तर..."

"नको रडूस वहिनी," आश्लेषा म्हणाली.

रघू मला उचलायला वाकला. बरं झालं, असं मला वाटलं. वाचलो! आणि तेवढ्यात खाटेवरून "आ" असा आवाज आला. सगळे वळले. अक्काची नजर माझ्यावर होती. मी म्हटलं, आता ही बघणार, आपल्या हातची वीण पोरीनं मोडलेली बघणार आणि शाप देणार. तिनं डावा हात पुढे केला. रघूनं मला तिच्या हातात दिलं. तिनं बोटांनी मला चाचपलं, ठिगळ चाचपलं, आणि डोळ्यापाशी लोंबणारा आडवा धागा तिच्या बोटांना लागला.

आणि तिनं तो ओढला.

स्वतःच्या हातानं ओढला, मित्रांनो. लेकीकडे बघत. मग हात पानांकडे नेला. आश्लेषानं पानांचा जोड तिच्या डाव्या हाताखाली धरला. अक्काची बोटं पानांवरून सरकली, मधली चार वेगळी काढली आणि पुढे ढकलली. काठाची दोन मागे. आश्लेषानं आडवा धागा घातला, ठोकला. पुन्हा बोटं. जिथं माझे धागे चुरा झाले होते तिथं अक्काचा हात होता, आणि जिथं अक्काचा हात चुकत होता तिथं माझा उरलासुरला पीळ होता. रघूनं आईला पाठीशी धरून बसवलं. वेदिकेनं फोनचा उजेड धरला. नव्या पट्ट्यावर पापणी उमटायला लागली, काळी, बारीक, वळणदार. अक्का रडत होती, पण आधी रडायची तशी नाही.

मला स्वतःची लाज वाटली असं मी म्हणणार नाही, कारण भीती कुणालाही वाटते. पण माझा राग तिथं संपला. मी म्हटलं, घ्या. अख्खा घ्या. लवकर घ्या.

बुबुळ अर्धं झालं आणि अक्काचा हात पानांवर तसाच राहिला. आश्लेषा वाट बघत होती. "आता पुढे का, आई?" तिनं विचारलं. थोड्या वेळानं रघूनंच तो हात उचलून चादरीत ठेवला.

सुतकात पानांना हात लावत नाहीत. ते दिवस मी टोपलीत पडून होतो, निम्मा सुटलेला, निम्मा विणलेला. तेरावं झालं, गोडाचं जेवण झालं, आणि आज सकाळी रघू ही चौकट घेऊन आला. मला टाचण्या मारल्या, काच बसवली, स्क्रू पिळले. प्रेमानंच केलं त्यानं, स्क्रू पिळताना त्याच्या नाकातून पाणी गळत होतं. वर्षश्राद्धापर्यंत तरी आईची आठवण नीट राहायला हवी, म्हणाला.

आता माझी घाई का, ते तुम्हाला कळलं असेल. डोळ्याची वरची पापणी एका चालीची आणि खालची दुसऱ्याच चालीची. एकीवरून दुसरी काढता येत नाही. सुतक सुटल्या सुटल्या आश्लेषानं अंदाजानं करून बघितलं, तर देवी तिरळी झाली! ती खालची पापणी आता जगात एकाच जागी आहे, माझ्या अंगात, ठिगळाखाली. ठिगळानं तिला घाम लागू दिला नाही, धागे अजून धड आहेत. पण सुताचं आयुष्य ते किती? काचेखाली दिसेन मी छान. पाहुणे येतील, "किती सुंदर!" म्हणतील आणि चहा पितील. आणि आत माझे धागे हळूहळू भुकटी होतील. मग मला बाहेर काढून काय उपयोग?

ऐका, ते दोघं अजून भांडताहेत.

"आशू, एवढं तरी राहू दे गं." रघूनं चौकट छातीशी धरलीय, त्यामुळे त्याचा श्वास मला काचेतून जाणवतोय. "आईचा हात लागलेलं दुसरं काय आहे माझ्याकडे?"

"माझ्याकडे काय आहे रे?" आश्लेषा ओरडत नाहीये, तेच वाईट आहे. "तुला कधी कुणी दूध बघायला पाठवलं नाही. वहिनीला चाल मिळणार होती, तिनं मागितलीही नव्हती. मी जन्मभर आईशेजारी बसले आणि मला निम्मा डोळा मिळाला. तोही शेवटच्या दिवशी."

रघूनं चौकट आणखी घट्ट धरलीय.

अरे, सोड की! मित्रांनो, तुम्ही तरी सांगा त्याला. सांगा की म्हातारा पट्टा म्हणतोय, मला जपू नका. तुम्हाला शाळेत शिकवलं असेल, जुन्या वस्तू जपाव्यात. जपा, जरूर जपा. पण ज्या वस्तूत एखादी विद्या अडकलेली असेल तिला नुसतं टांगून ठेवू नका, हात जोडतो. आणि त्याआधी तुमच्या घरात जाऊन बघा. कुणीतरी असेल, ज्याच्या हातात असं काहीतरी असेल, लोणचं असेल, ओवी असेल, गाठ मारायची एखादी रीत असेल. त्याला आजच विचारा. तो म्हणेल, थांब, नंतर. तुम्ही थांबू नका, हट्ट करा. आणि तुम्हीच ते माणूस असाल तर कुणाला द्यायचं, लेकीला की सुनेला, याचा घोळ घालत बसू नका. जो शेजारी येऊन बसलाय त्याला द्या. आम्ही सगळ्यांनी इथं फार वाट बघितली.

वेदिका उठली. कपाटाचा खण उघडल्याचा आवाज आला. तिनं रघूसमोर स्क्रू-ड्रायव्हर ठेवला आणि बाजूला होऊन उभी राहिली.

रघू त्याच्याकडे बघत बसलाय. बसलाय. उचलला! पहिल्या स्क्रूवरून हत्यार निसटलं, त्याला नीट दिसतही नाहीये, बाहीनं डोळे पुसतोय. पहिला निघाला. दुसरा. अरे, सावकाश, काच फुटेल! चौथा निघाला आणि माझ्या अंगाला हवा लागली. त्यानं एकेक टाचणी काढली. मला दोन्ही हातांत घेतलं आणि नाकाशी धरलं. मग माझ्या शेवटच्या टोकाचा गोंडा मुठीत घट्ट धरून जमिनीवर बसला.

"मी ताणून धरतो," तो म्हणाला. "तू ओढ."

आश्लेषा पानं घेऊन समोर बसलीय. "वहिनी, इथं बस, माझ्याजवळ," असं म्हणून तिनं वेदिकेला ओढून बसवलंय. ठिगळाचे टाके कापून झाले. तिची नखं माझ्या धाग्याला लागली.

सुटतोय मी. नीट बघ गं, आशू. पुन्हा दाखवायला मी नसेन.